मेथीच्या देठांचा गॅस

आज आईचे गुडघे फार दुखत होते, म्हणून कचऱ्याच्या गाडीपाशी मीच डबे घेऊन गेले. गाडीत ओल्याचा कप्पा वेगळा, सुक्याचा वेगळा, कडेला सॅनिटरी पॅडसाठी झाकणाची छोटी पेटी. गाडीवरच्या ताईंनी आमच्या ओल्या कचऱ्यातून दुधाची पिशवी दोन बोटांनी उचलली. "ही सुक्यात टाका, ताई." फार वाईट वाटलं. आमची घाण त्यांनी का निवडावी?

दुपारी राजवाड्याहून सिटी बसने येताना तेच डोक्यात होतं. आमचा ओला कचरा जातो इंदूरच्या देवगुराडियाला. तिथे २०२२ पासून बायो-सीएनजीचा, म्हणजे कचऱ्यापासून गाड्यांचा गॅस करण्याचा प्रकल्प आहे; सुरू झाला तेव्हा क्षमता रोज ५५० टन ओल्या कचऱ्याची. कचऱ्याचा लगदा करून बंद टाक्यांत भरतात, हवेविना जिवाणू तो पचवतात, त्यातून मिथेन निघतो. शुद्ध केलेला हा गॅस शहरातल्या सिटी बसनाही मिळतो; उरलेल्याचं खत होतं. म्हणजे आमच्या मेथीचे देठसुद्धा!

एवढा मोठा प्रकल्प, पण सगळी भिस्त ओला कचरा निखळ ओला असण्यावर. मला तर खरी कल्पकता त्या कप्प्यांत आणि झाकणाच्या पेटीत दिसते.

संध्याकाळी ओट्याखाली तिसरा डबा ठेवला. आई म्हणाली, "दुधाची पिशवी धुऊन, वाळवून सुक्यात टाक गं."