सिम्युलेटरवर एससी-7

जहाजावरची नोकरी संपल्यावर मी नवी मुंबईत डेक कॅडेट्सना शिकवायला लागलो. ब्रिज, म्हणजे जहाज जिथून चालवतात ती खोली, तिचा सिम्युलेटर हा माझा विषय. टक्कर टाळण्याचे नियम, रडार, धुक्यातलं जहाज हे नेहमीचंच. गेल्या पावसाळ्यात मात्र मी दुसऱ्या महायुद्धातली एक रात्र सरावाला लावली.

एससी-7 हा ताफा 5 ऑक्टोबर 1940 ला कॅनडातल्या नोव्हा स्कॉशियाच्या सिडनी बंदरातून इंग्लंडला निघाला. लाकूड, पोलाद, लोखंडाचं खनिज भरलेली 35 संथ मालवाहू जहाजं, आणि अटलांटिकच्या बहुतेक वाटेवर सोबतीला ‘स्कारबरो’ ही एकच युद्धनौका. त्यातली 20 जहाजं बुडाली, बरीचशी 18 तारखेच्या रात्री.

मी रडार, जीपीएस, आसपासच्या जहाजांची ओळख नि जागा दाखवणारं एआयएस, सगळं काढून घेतलं. दिवे विझवले. वेग सात नॉट, म्हणजे ताशी जेमतेम 13 किलोमीटर. समोरच्या जहाजाची काळी आकृती डोळ्यांनी धरायची, अंतर साधारण 400 मीटर, आणि दोन्ही बाजूंना आपल्यासारख्याच रांगा. पोरं पाणबुडीची वाट बघत होती. पाणबुडी यायच्या आधीच, पहिल्या अर्ध्या तासात, दोन जहाजं एकमेकांवर आदळता आदळता वाचली. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. त्या काळच्या कप्तानांनी असं एक-दोन तास नाही, आठवडेच्या आठवडे केलं. त्यातले बहुतेक आयुष्यभर एकट्याने जहाज हाकलेले, कवायतीची सवय नसलेले साधे व्यापारी दर्यावर्दी होते.

मग हल्ला. पाणबुडी पाण्याखालून येणार असंच सगळे धरून बसले होते. प्रत्यक्षात त्या रात्री जर्मन पाणबुड्या पृष्ठभागावरूनच आल्या. वर त्यांचा वेग सतरा नॉट, म्हणजे ताफ्याच्या दुपटीहून जास्त. पाण्याखाली ध्वनी सोडून त्याचा प्रतिध्वनी टिपणारं अ‍ॅस्डिक यंत्र वर तरंगणाऱ्या पाणबुडीपुढे निकामी, आणि त्यांची ठेंगणी काळी आकृती अंधारात दिसायची नाही. त्यांतली एक तर थेट रांगांच्या मधे शिरली.

पुढच्या जहाजावर मी स्फोट दाखवला, पाण्यात माणसं दाखवली. ब्रिजवरच्या मुलाने क्षणाचाही विचार न करता इंजिन थांबवलं. चांगल्या खलाशाचा हात तिकडेच जाणार, आम्ही त्यांना तेच शिकवतो. पण सात नॉट म्हणजे मिनिटाला 216 मीटर. मागच्या ब्रिजवरच्यांकडे दोन मिनिटंही नव्हती. टक्कर झाली.

‘‘सर, मग माणसं तशीच सोडून जायची?’’ त्याचा आवाज चढला होता.

‘‘हो. मालवाहू जहाजाने थांबायचं नाही, असाच हुकूम होता.’’ बुडणाऱ्यांना उचलण्यासाठी ताफ्याच्या शेवटी खास बचावजहाजं ठेवायला सुरुवात झाली 1941 मध्ये. एससी-7 ला ती मिळाली नाहीत. लाकूड भरलेली जहाजं निदान काही वेळ तरंगत राहिली. खनिज भरलेलं ‘क्रीकर्क’ मात्र सगळ्या माणसांसह गेलं.

मग एकत्र जायचंच कशाला, हा प्रश्न आलाच. अफाट समुद्रात 35 सुटी जहाजं पाणबुडीला 35 ठिकाणी सापडू शकतात, ताफा एकाच ठिकाणी असतो. पुढे ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ पॅट्रिक ब्लॅकेट यांच्या गटाने गणिताने दाखवलं की जहाजं दुप्पट केली तरी ताफ्याचा घेर दुप्पट होत नाही, म्हणून तेवढ्याच युद्धनौका जास्त जहाजं राखू शकतात. मुलांना हे लगेच पटलं.

एका मुलीने विचारलं, ‘‘इंजिनरूममध्ये कोण असायचं?’’

मी सरावाची फाइल बंद केली आणि तास त्यावरच घालवला. ब्रिटिश व्यापारी जहाजांवरचा सुमारे चौथा हिस्सा माणसं हिंदुस्थानातली होती. डेकवर कोकणातले खलाशी आणि त्यांचे मुकादम म्हणजे सारंग, भटारखान्यात गोव्याचे लोक, खाली बॉयलरवर आजच्या बांगलादेशातल्या सिल्हेटचे आणि पंजाबकडचे आगवाले. टॉर्पेडो इंजिनरूमला लागला तर खालच्यांना शिडी गाठायलाही वेळ मिळायचा नाही. युद्धात गेलेल्या हिंदी खलाशांची 6,000 हून अधिक नावं एका नोंदवहीत आहेत, आणि ती आपल्याच मुंबईत, मशीद बंदरच्या खलाशी गृहात ठेवलेली. वर्गातल्या एकालाही ते ठाऊक नव्हतं. याचा मला राग येतो, मुलांचा नव्हे. आपल्या अभ्यासक्रमात या माणसांना एक ओळही नाही.

पुढच्या बॅचला शेजारच्या इंजिनरूम सिम्युलेटरवर इंजिन कॅडेट्स बसवून दोन्ही सराव जोडायचे आहेत. त्यासाठी दोन्ही विभागांची एक अख्खी दुपार मी मागून ठेवली आहे, आणि दुसऱ्या दिवशीची सकाळ मशीद बंदरसाठी.