बोट टेकवणे आणि बटण दाबणे

२००४ साली आलेल्या निन्टेन्डो डीएस या दोन पडद्यांच्या, हातात धरून खेळायच्या यंत्रासोबत मनगटात अडकवायची एक दोरी मिळत असे आणि त्या दोरीला नखाएवढा प्लॅस्टिकचा तुकडा असे. तो अंगठ्याखाली धरून खालच्या पडद्यावर घासला की 'सुपर मारिओ ६४ डीएस'मधला मारिओ त्या दिशेने धावू लागे. माझ्याकडे हे यंत्र फार उशिरा आणि वापरलेले असे आले. तो तुकडा मी दोन दिवस मनापासून वापरून पाहिला आणि मग मुकाट्याने डावीकडच्या डी-पॅडकडे, म्हणजे चार दिशांच्या बटणाकडे वळलो. मूळ खेळ १९९६ साली निन्टेन्डो ६४ वर आला, तेव्हा अशाच हालचालींसाठी त्याच्या कंट्रोलरवर ॲनालॉग स्टिक, म्हणजे अंगठ्याने हवी तिकडे झुकवायची छोटी दांडी दिलेली होती. डीएसवर ती नव्हती, म्हणून तिचे काम टचस्क्रीनच्या गळ्यात पडले आणि ते तिला पेलले नाही.

स्टिक सोडली की स्प्रिंगमुळे आपोआप मध्यावर परत येते, त्यामुळे मध्य कोठे आहे हे अंगठ्याला न पाहता कळते. बटणाची गोष्ट याहून साधी आहे: त्यावर अंगठा नुसता विसावू शकतो, आणि दाबणे ही त्यानंतरची, खालच्या रबराचा विरोध मोडून केलेली वेगळी क्रिया असते. फोनच्या काचेवर हा फरकच नाहीसा होतो, कारण तिथे बोट टेकले म्हणजेच आज्ञा दिली गेली. कंट्रोलरची बाजू घेणारे बहुतेक जण अचूकतेबद्दल बोलतात, पण माझ्या मते खरा मुद्दा विसाव्याचा आहे.

अचूकतेत टचस्क्रीन उलट सरस ठरते. डीएसचा पडदा दाबावर चालणारा असल्यामुळे बारीक टोकाचा स्टायलस, म्हणजे लेखणीसारखी काडी, त्यावर नेमका टेकवता येई आणि बोटाने झाकले जाते तेवढे चित्र झाकले जात नसे. २००७ च्या 'फँटम आवरग्लास' या झेल्डा मालिकेतील खेळात बूमरँगचा मार्ग रेघ ओढून आखायचा असतो आणि नकाशावर आपल्याच अक्षरात खुणा करून ठेवायच्या असतात. हे कोणत्याही बटणाला जमणारे नाही. सुमारे १५ कोटी ४० लाख डीएस विकले गेले, ते केवळ नवलाईपोटी नक्कीच नव्हे.

मग कन्सोलमध्ये, म्हणजे खास खेळांसाठीच्या यंत्रांमध्ये, टचस्क्रीन मागे का पडली? तिला बटणांनी हरवले असे म्हणण्याचा मोह होतो, पण मला वाटते की तिला टीव्हीने हरवले. निन्टेन्डोच्या २०१२ च्या वी यू या कन्सोलमध्ये टीव्ही समोर आणि ६.२ इंची टचस्क्रीन मांडीवर, अशी विभागणी होती, त्यामुळे खेळताना मान सतत वरखाली करावी लागे. या कन्सोलची विक्री सुमारे १ कोटी ३६ लाखांवर थांबली, अर्थात त्याला इतरही कारणे होती. तरीही २०१५ च्या 'सुपर मारिओ मेकर'मध्ये त्या पडद्याचे चीज झाले: मांडीवर स्टायलसने विटा आणि नळ मांडून पातळी रचायची आणि तीच लगेच खेळून पाहायची.

निन्टेन्डोच्याच २०१७ च्या स्विच या कन्सोलला टचस्क्रीन आहे, पण टीव्हीवर खेळण्यासाठी यंत्र डॉकमध्ये, म्हणजे टीव्हीला जोडलेल्या बैठकीत ठेवले की ती हाताबाहेर जाते. सुरुवातीला 'व्होएझ'सारखा तालावरचा खेळ केवळ यंत्र हातात धरूनच खेळता येत असे, पण असे खेळ अपवादच राहिले, कारण जी सोय अर्धा वेळ उपलब्ध नसते तिच्यावर सगळा खेळ उभारायला सहसा कोणी धजावत नाही. २०१९ चा 'सुपर मारिओ मेकर २' डॉकमध्ये ठेवून वापरला की प्रत्येक वीट कंट्रोलरने सरकवत न्यावी लागते आणि जुन्या स्टायलसची आठवण येते. २०२५ च्या स्विच २ मध्ये जॉय-कॉन हा सुटा होणारा छोटा कंट्रोलर कडेवर धरून माउससारखा सरकवता येतो. नेमकी जागा दाखवण्याची जी सोय टीव्हीसमोर हरवली होती, तिच्यासाठी काढलेली ही पळवाटच म्हणायची.

फोनपुरते पाहिले तर निन्टेन्डोने २०१६ च्या 'सुपर मारिओ रन'मध्ये काचेवर खोटा डी-पॅड काढलाच नाही. मारिओ आपणहून धावतो, आपण फक्त उडी सांगायची. टचस्क्रीनला झेपेल तेवढेच काम देण्याचा हा शहाणपणा मला डीएसच्या त्या तुकड्यापेक्षा फार मोठा वाटतो.

माझा भाचा मात्र बीजीएमआय हा गोळीबाराचा खेळ फोनवरच शिकला आहे आणि काचेवरच्या त्या खोट्या बटणांवर तो चार बोटांनी खेळतो. परवा मी त्याच्या हातात स्विच दिला, तेव्हा त्याचे अंगठे बटणांवर न टेकता त्यांच्या किंचित वर तरंगत राहिले. "ठेव की, काही होत नाही," असे मी म्हणालो. त्याने ठेवले आणि दुसऱ्याच क्षणी पुन्हा उचलले.