सॉफ्टनरच्या कप्प्यातलं पाणी

टॉवेल कडक लागायला लागले म्हणून मी कपडे मऊ करणारा सॉफ्टनर जरा जास्त ओतायला लागलो. फरक पडेना, म्हणून आणखी जास्त. प्रत्येक वेळी वॉशिंग मशीन लावताना सॉफ्टनरच्या कप्प्याच्या तळाशी निळसर पाणी दिसायचं आणि त्यावरच मी नवीन सॉफ्टनर ओतायचो. मागच्या धुण्याचं पाणी आज इथे काय करतंय, हा प्रश्न महिनाभर डोक्यात आलाच नाही. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

शेवटी एका रविवारी साबण-सॉफ्टनरच्या कप्प्यांचा ड्रॉवर बाहेर काढला. आमचं मशीन समोरून दार असलेलं. ड्रॉवर पूर्ण बाहेर येत नाही म्हणून आधी नुसतीच ओढाताण केली. मग कप्प्यात मागच्या बाजूला एक छोटी खिट्टी दिसली. ती बोटाने दाबून ओढल्यावर ड्रॉवर सुळकन हातात आला. उलटा करून पाहिला आणि शिसारी आली. खालून काळ्या बुरशीचे ठिपके, कोपऱ्यांत राखाडी बुळबुळीत थर आणि ओल्या फडक्याचा कुबट वास. यातून जाणारं पाणी आपण कपड्यांवर सोडत होतो!

मला वाटत होतं की सॉफ्टनर सोडायला आत एखादी झडप असेल आणि तीच बिघडली असेल. तसलं काही नाही. कप्प्यात एक उभी नळी, तिच्यावर प्लॅस्टिकची टोपी, आणि दोन्हींच्या मध्ये जेमतेम काडीएवढी फट. शेवटच्या खळबळण्याच्या वेळी मशीन या कप्प्यात पाणी सोडतं. पाणी नळीच्या तोंडापर्यंत चढलं की टोपीखालून ओढ लागते आणि कप्पा रिकामा होतो. शाळेत शिकलो होतो तोच सायफन. कप्प्यातल्या मॅक्सच्या रेघेचा अर्थही तेव्हा कळला. रेघेच्या वर भरलं तर सायफन आधीच सुरू होतो आणि सॉफ्टनर पहिल्याच साबणाच्या पाण्यात वाहून जातो. म्हणजे मी ‘जास्त’ ओतत होतो ते असंही वायाच जाणार होतं.

टोपी निघता निघेना. चमच्याच्या टोकाने उचकटायचा मोह झाला, पण ती तुटली तर सगळाच खेळ संपला. ड्रॉवर गरम पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवला. उकळतं नाही, हाताला सोसेल इतपतच, नाहीतर प्लॅस्टिक वाकतं. मग टोपी वर ओढली तर पुच्च आवाज करून निघाली आणि तिच्या आतून मेणासारखा एक गोळा पडला, अगदी फटीच्या आकाराचा. सॉफ्टनर आणि कपडे धुण्याची पावडर यांचं आपसात पटत नाही. एकातले कण धन प्रभाराचे, दुसऱ्यातले ऋण प्रभाराचे. भेटले की एकमेकांना चिकटतात आणि त्यांचा असा लगदा होतो. त्यात गार पाणी आणि दाट सॉफ्टनर, मग बघायलाच नको.

जुन्या टूथब्रशने ड्रॉवर घासला, नळीत कानकाडी फिरवली. पांढरे क्षार जाईनात, तिथे व्हिनेगर लावलं. (व्हिनेगर वापरलंत तर त्याच वेळी ब्लीच अजिबात नको, दोन्ही मिळून विषारी क्लोरीन वायू निघतो.)

सगळं चकाचक करून ड्रॉवर बसवला, कपडे न घालता फक्त खळबळण्याचा प्रोग्रॅम लावला आणि मोठ्या ऐटीत उघडून पाहिलं. कप्प्यात पाणी जैसे थे.

चूक माझीच. टोपी नुसती वर ठेवली होती, खाली टेकेपर्यंत दाबलीच नव्हती. ती उंच राहिली की तिच्या काठाखालून हवा शिरते, ओढ तुटते आणि उरलेलं पाणी तिथेच बसतं. या वेळी टक् आवाज येईपर्यंत दाबली आणि ड्रॉवर बेसिनवर धरून हातानेच कप्प्यात पाणी ओतलं. नळीच्या वर चढताच घटाघटा खाली गेलं. ही परीक्षा आधीच घेतली असती तर एक फेरी वाचली असती.

मशीनचा विजेचा प्लग काढून ड्रॉवरच्या मोकळ्या खोबणीतही टॉर्च मारला. छताला बारीक भोकांची रांग असते, तिथूनच पाणी ड्रॉवरमध्ये पडतं. निम्मी भोकं क्षारांनी बुजली होती. टूथपिकने एकेक मोकळं केलं. मान मात्र दोन दिवस दुखत होती.

आता मशीन थांबल्यावर कप्प्यात चमचाभर पाणी उरतं. तेवढं चालायचंच, सायफन अगदी शेवटचा थेंब ओढत नाही. सॉफ्टनर निम्मं पाणी घालून पातळ करतो आणि धुणं झालं की ड्रॉवर थोडा उघडा ठेवतो. टॉवेलांना मात्र सॉफ्टनर घालणंच बंद केलं. त्याचा थर बसला की ते पाणी नीट टिपत नाहीत.