अंगठी पाण्यात पडली, हे सांगू नका

“शेवट कळला की गोष्टीतली मजा जाते का हो?” हा प्रश्न इंदूरमध्ये जरा जास्तच विचारला जातो, आणि त्याला कारणही आहे. सानंद या इथल्या मराठी संस्थेचं नाटक आलं की शनिवार-रविवार मिळून एकाच नाटकाचे सभासदांच्या पाच समूहांसाठी पाच प्रयोग होतात. शनिवारी पाहून आलेला माणूस रविवारी सकाळी पोह्यांच्या गाडीवर उभा असतो, आणि शेजारी जिलेबी मोडत असतो तो संध्याकाळच्या प्रयोगाला जाणारा. “कसं होतं रे?” हा प्रश्न येणारच. पोह्यांवर जीरावण पडेपर्यंत काय बोलायचं आणि काय गिळायचं, ते ठरवावं लागतं.

तुम्ही विचारलंत म्हणून आधी उत्तर सांगून टाकते. शेवट कळल्याने बहुतेक वेळा फारसं बिघडत नाही. बिघडतं ते लेखकाने मुद्दाम झाकून ठेवलेली एक गोष्ट कळल्याने, आणि ती नेहमी शेवटालाच असते असं नाही.

शाकुंतलच घ्या. दुष्यंत आणि शकुंतला शेवटी भेटतात, मुलगा भरत, हे कालिदासाच्या प्रेक्षकांना महाभारताच्या आदिपर्वातून ठाऊकच होतं. आदिपर्वातल्या त्या कथेत शापही नाही आणि अंगठीही नाही. नाटकात या दोन गोष्टी येतात, आणि त्या प्रेक्षकाला कधी कळाव्यात याचा हिशेब बघण्यासारखा आहे. चौथ्या अंकाच्या सुरुवातीला दोघी सख्या फुलं वेचताहेत आणि पडद्याआडून दुर्वासाचा आवाज येतो. शाप आपण ऐकतो, सख्या ऐकतात, शकुंतला ऐकत नाही. नवमालिकेवर कढत पाणी कोण ओतेल, असं म्हणून प्रियंवदा तिला सांगायचं टाळते. फक्त निघताना, राजाने ओळखलं नाही तर अंगठी दाखव, एवढंच सख्या तिला सांगतात.

आता पाचवा अंक. राजा ओळखणार नाही हे आपल्याला माहीत आहे, म्हणून तर तिचा प्रत्येक शब्द ऐकवत नाही. तरी एक आशा असते: अंगठी. ती बोटाकडे बघते आणि बोट रिकामं. शचीतीर्थाच्या पाण्याला वंदन करताना अंगठी गळून पडली असणार, हे गौतमीच्या तोंडून आपल्याला त्याच क्षणी कळतं. म्हणजे शाप कालिदासाने आधीच सांगून ठेवला आणि अंगठी हरवल्याचं दाबून ठेवलं. “शेवटी भेटतात” असं कुणी बोलून गेलं तर काहीच जात नाही. “अंगठी पाण्यात पडते” एवढं म्हटलं की पाचव्या अंकातली ती आशाच जाते.

रहस्यपटांचा दिग्दर्शक हिचकॉक हेच बाँबच्या उदाहरणाने सांगत असे. टेबलाखालचा बाँब प्रेक्षकाला न सांगता फोडला तर पंधरा सेकंदांचा धक्का बसतो. बाँब आहे हे आधी दाखवलं आणि माणसं वर गप्पा मारत बसली, तर पंधरा मिनिटं जीव टांगणीला लागतो. तिथे लेखक स्वतःच फोडून सांगतो, कारण कळण्यातच ताण आहे.

कीर्तनात तर श्रोत्यांना आख्यान पाठच असतं. उत्तररंगात हरिश्चंद्र तारामतीवर तलवार उचलतो. देव हात धरणार हे पहिल्या रांगेतल्या आजींनाही माहीत आणि मांडीवरच्या नातवालाही. मुरलेले बुवा नेमके तिथेच थांबतात आणि एक साकी घेतात, तेवढा वेळ तलवार वरच. कुणी पदरसुद्धा सावरत नाही.

यावर अभ्यासही झाले आहेत. 2011 मध्ये सॅन दिएगोच्या विद्यापीठातल्या लेविट आणि क्रिस्टनफेल्ड यांनी वाचकांना बारा लघुकथा दिल्या: काही कलाटणीच्या, काही रहस्याच्या, काही निव्वळ भावपूर्ण. ज्यांना आधी छोट्या परिच्छेदात शेवट सांगितला, त्यांना कथा सरासरीने जास्तच आवडल्या. हा निष्कर्ष फार गाजला आणि “बघा, काही बिघडत नाही” म्हणायला लोकांना आधार मिळाला. पण 2015 मध्ये जॉन्सन आणि रोझेनबॉम यांच्या अभ्यासात उलट दिसलं, शेवट माहीत असलेल्या कथांमधली रंगत कमी वाटली. मला यात मोठा विरोध वाटत नाही. दहा मिनिटांत वाचून होणारी लघुकथा वेगळी, आणि तिकीट काढून, आठवडाभर वाट पाहून अडीच तास बसायचं ते नाटक वेगळं. लघुकथेत शेवट माहीत असला की वाचन सोपं होतं आणि लक्ष भाषेकडे जातं. अडीच तासांत मात्र प्रेक्षकाने गुंतवलेला अंदाज पणाला लागलेला असतो.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते कलाटणीच्या नाटकाचं. त्यात एकाखाली एक अशा दोन गोष्टी असतात. वरची चुकीची असते, आणि आपण तीच खरी धरून चालावं म्हणून लेखकाने घाम गाळलेला असतो. खालची नंतर कितीही वेळा पाहता येते. वरची, ती खरी वाटण्याचा अनुभव, आयुष्यात एकदाच मिळतो. तो पोह्यांच्या गाडीवर काढून घेऊ नये, याबाबतीत मी हट्टी आहे. 1952 पासून लंडनमध्ये चालत आलेल्या ‘माउसट्रॅप’ या नाटकात प्रयोग संपल्यावर एक नट पुढे येऊन प्रेक्षकांना गुपित जपायची विनंती करतो, ती याचसाठी. फार्सचं उलट असतं. कथानक खुशाल सांगा, पण टाळीचं वाक्य म्हणून दाखवू नका, कारण तिथे वाक्य हीच अंगठी.

मग अंगठी ओळखायची कशी? ज्या क्षणी सभागृहातला खोकला थांबला, तो आठवा. त्याच्या मिनिटभर आधी तुम्हाला जे माहीत नव्हतं, तेच सांगायचं नाही. बाकी पहिल्या वीस मिनिटांत उघड झालेलं सगळं चालतं: घर कुठलं, माणसं कोण, नाती काय, कशावरून बिनसलंय. मध्यंतराच्या आधीची पाच मिनिटं मात्र पूर्ण वर्ज्य, कारण दोन अंकी नाटकात एक मोठी गाठ बहुधा तिथेच बसवलेली असते.

न सांगताही फुटतं, ते जास्त सांभाळावं लागतं. “शेवटची दहा मिनिटं बघच” म्हटलं की समोरचा आधीचे दोन तास त्या दहा मिनिटांची वाट बघत बसतो. “तो डॉक्टर काय काम करतो!” असं म्हटलं आणि डॉक्टरचं काम पहिल्या अंकात दोन वाक्यांचं असेल, तर झालंच. “दोनदा बघावं लागतं” हेही कलाटणी आहे असं सांगणंच आहे. सगळ्यात वाईट म्हणजे अर्धवट फोडणं: “एक जण जातो, कोण ते नाही सांगत.” पूर्ण सांगितलं असतं तर माणूस निदान निवांत बसला असता. आता तो प्रत्येकाच्या खोकल्याकडे संशयाने बघणार. त्यापेक्षा नेपथ्याबद्दल बोला, प्रकाशाबद्दल बोला, आवाज मागच्या रांगेत पोचतो का ते सांगा. जाणाऱ्याला त्याचा खरंच उपयोग होतो.

आणि फुटलंच, तर तिकीट दुसऱ्याला देऊन टाकू नका. 1983 च्या अंतिम सामन्यात कपिल देव मागे धावत रिचर्ड्सचा झेल घेतो, हे माहीत असूनही ते दृश्य लागलं की श्वास अडकतोच. नाटकाला बसलात की बघायची जागा बदला. बोलणाऱ्याकडे न बघता ज्याला खरं माहीत आहे त्या पात्राकडे बघा: तो कुठल्या शब्दाला मान वळवतो, कप कधी खाली ठेवतो, कुठल्या प्रश्नाला उत्तर न देता उठतो. चांगल्या दिग्दर्शकाने हे सगळं पेरलेलं असतं आणि पहिल्यांदा बघणाऱ्याच्या ते सहसा नजरेतून सुटतं.

रविवारी रात्री शेवटच्या समूहाचा प्रयोग सुटला की मग गाड्या काढता काढता सगळं बोला, अंगठीसकट.