माणसाचा पाय वाचवतात, मग कुत्र्याचाच का कापता?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते आहे. मी जनावरांची डॉक्टर, आणि हा प्रश्न मला इतक्यांदा विचारून झाला आहे की तोंडी उत्तर देताना आता माझा आवाज चढतो. लिहिताना तरी तो ताब्यात राहील.

प्रश्न ठरलेला असतो. कुणाच्या तरी मुलाला मांडीच्या हाडाचा कॅन्सर झाला, ऑस्टिओसारकोमा. त्याचा पाय डॉक्टरांनी वाचवला. आमच्या कुत्र्यालाही तोच आजार, मग तुम्ही एक्स-रे पाहिल्या पाहिल्या पाय कापायची भाषा का करता? जनावर आहे म्हणून?

हा शेवटचा तुकडा झोंबतो. तर आधी तेच. सूक्ष्मदर्शकाखाली दोघांच्या गाठी जवळजवळ सारख्याच दिसतात. मुलांमध्ये ती वाढीच्या वयात, बहुतेकदा गुडघ्याच्या आसपास येते. कुत्र्यांमध्ये बहुधा सातव्या-आठव्या वर्षानंतर, ग्रेट डेन, रॉटवायलर, सेंट बर्नार्ड अशा दांडग्या जातींत. पुढच्या पायात कोपरापासून लांब, म्हणजे खांद्याशी किंवा मनगटाशी, आणि मागच्या पायात गुडघ्याजवळ. फरक आहे तो हाताशी असलेल्या दिवसांचा, आणि पेशंटला ‘पाय टेकू नकोस’ हे सांगता येण्याचा.

मुलाची बायॉप्सी होते, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासतात. तीही जो सर्जन पुढे ऑपरेशन करणार त्यानेच ठरवलेल्या जागेवरून, कारण सुई जिथून गेली तो मार्गही नंतर गाठीबरोबर काढायचा असतो. मग सुमारे दहा आठवडे केमो: मेथोट्रेक्सेट, डॉक्सोरुबिसिन, सिस्प्लॅटिन. मेथोट्रेक्सेटचा डोस एवढा मोठा की दुसऱ्या दिवसापासून उतारा म्हणून फोलिनिक अ‍ॅसिड दिलं नाही तर औषधच जीव घेईल. लघवी अल्कधर्मी ठेवायची, रक्तातलं औषध उतरेपर्यंत मोजत राहायचं. त्यानंतर हाड काढून धातूचा सांधा, काढलेल्या गाठीत ९० टक्के पेशी मेल्यात का याची तपासणी, आणि पुन्हा केमो. एवढा काळ मूल कुबड्या वापरतं, पाय टेकत नाही, व्यायाम करतं. आजार पसरलेला नसेल तर शंभरातली साठ-सत्तर मुलं पाच वर्षांनंतरही असतात. पुढे अख्खं आयुष्य पडलेलं असतं, म्हणून एवढा खटाटोप परवडतो.

कुत्र्याचं गणित असं: नुसता पाय कापला तर निम्मी कुत्री चार-पाच महिन्यांत जातात. वर दर तीन आठवड्यांनी कार्बोप्लॅटिन हे केमोचं औषध, चार ते सहा वेळा दिलं तर हा आकडा दहा-बारा महिन्यांवर जातो. दोन वर्षं गाठणारं पाचातलं एखादंच. कारण निदान होतं तेव्हा फुप्फुसाचा एक्स-रे बहुतेकदा स्वच्छ असला, तरी दहातल्या नऊ जणांत न दिसणाऱ्या पेशी तिथे पोचलेल्या असतात. उरलेलं आयुष्यच जर एवढं असेल, तर त्यातले किती महिने सांधा सांभाळण्यात घालवायचे?

आता जे घडतं ते सांगते. थोडंफार इकडेतिकडे, पण घडतं बहुधा असंच.

कुत्रा पुढच्या पायाने किंचित लंगडतो. ‘कुठूनतरी उडी मारली असेल.’ दहा दिवस वेदनाशामक गोळी चालते आणि लंगडणं जातं. हाच सापळा. गोळीने दुखणं दबतं. हाड आत पोखरलं जातच असतं. पंधरवड्याने पुन्हा लंगडतो, पुन्हा गोळी. मनगटाच्या वर बोट ठेवलं तर टणक सूज लागते, थोडी गरम. दाबलं की तो पाय काढून घेतो आणि तोंड फिरवतो. ओरडत नाही, म्हणून घरचे म्हणतात, दुखत नसेल. शेपटी हलते ना! शेपटी तुम्हाला बघून हलते हो. रात्री तो धापा टाकतो, कूस बदलतो, उठतो, परत बसतो, ते बघायचं. खांद्यावरचा स्नायू दुसऱ्या बाजूपेक्षा बारीक झालेला असतो, कारण पायावर भार टाकणं त्याने कधीच सोडलेलं असतं.

आणि एका संध्याकाळी तो पलंगावरून उतरतो, कट्‌ असा आवाज येतो आणि पाय लोंबतो.

त्या रात्री सगळे प्लास्टर मागतात. प्लास्टर हाड जुळवत नाही, जुळेपर्यंत धरून ठेवतं. आणि हे हाड जुळणार नसतं. गाठ ते विरघळवत असते. प्लेट लावली तर स्क्रूला पकड मिळत नाही, ओल आलेल्या भिंतीत खिळा ठोकावा तसं. मुलाचं असं हाड मोडलं तर पाय बांधून ठेवून केमो आधी सुरू करता येते, पाय वाचण्याची शक्यताही उरते. मात्र साधं फ्रॅक्चर समजून कुणी घाईने हाडाच्या पोकळीतून सळई घातली, तर कॅन्सर सळईबरोबर हाडभर फिरतो आणि वाचू शकणारा पाय जातो. क्षुल्लक धक्क्याने मोडलेल्या हाडाचा एक्स-रे दोनदा बघावा तो यासाठी.

त्या पहिल्या दहा दिवसांच्या गोळ्या मीही लिहून दिलेल्या आहेत. हाडातलं कॅल्शियम तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त गेल्याशिवाय एक्स-रेवर नीट दिसत नाही, हा बचाव खरा आहे. एक्स-रे काढलाच नाही, याला तो लागू पडत नाही.

तर, पाय कापणं. कुत्र्याच्या बाबतीत ते मुख्यतः वेदनेवरचं औषध आहे, कॅन्सरवरचं अर्धंच. ‘पाय गेला, रोग गेला’ हे माणसातही खरं नाही. कॅनडाच्या टेरी फॉक्स या तरुणाला हाच कॅन्सर होता, त्याचा पाय १९७७ मध्ये कापला. १९८० मध्ये तो कृत्रिम पायावर १४३ दिवस कॅनडात धावला आणि थांबला तो फुप्फुसात गाठी निघाल्या म्हणून.

पाय वाचवायचं ऑपरेशन कुत्र्यांतही होतं, मुख्यतः मनगटाजवळच्या गाठीसाठी. जवळपास निम्म्यांना जंतुसंसर्ग होतो, आयुष्य वाढत नाही. (विचित्र म्हणजे संसर्ग झालेली कुत्री जास्त जगल्याचं आढळलं आहे, पण म्हणून कुणी मुद्दाम संसर्ग करत नाही.)

पूर्वी मी एका दमात सांगायचे, ‘तीन पायांवर कुत्री मजेत राहतात.’ बहुतेक राहतात. एक-दोन दिवसांत उभी राहतात, दहा ते चौदा दिवसांत टाके निघतात. पण पुढचे पाय शरीराचा साठ टक्के भार घेतात, म्हणून पुढचा गेलेला जास्त जड जातो. अंगाने सुटलेला, कंबरेचे सांधे झिजलेला किंवा दुसरा गुडघा दुखावलेला कुत्रा मजेत वगैरे राहत नाही, आणि हे मी आधी सांगत नव्हते. घरी फरशीवर न सरकणाऱ्या चटया हव्यात, नखं कापलेली हवीत, गळपट्ट्याऐवजी छातीचा पट्टा हवा, वजन वाढू द्यायचं नाही.

कापायचं नसेल तर वेदनाशामक, सोबत नसांचं दुखणं कमी करणारं गॅबापेंटिन, जमल्यास रेडिएशन आणि हाड झिजणं रोखणारं झोलेड्रोनेट. स्टेरॉइड आणि वेदनाशामक एकत्र कधीच नाही, आतडं फुटू शकतं. माणसांची आयबुप्रोफेन कुत्र्याला देऊ नका. मांजराला पॅरासिटामॉलची अर्धी गोळीही मारू शकते, आणि मांजराची गोष्ट वेगळीच: तिच्यात हा रोग सहसा पसरत नाही, पाय काढला तर ती बऱ्याचदा वर्षानुवर्षं जगते. तिथे मी आजही हट्ट धरते.

कुत्र्याच्या बाबतीत हट्ट सुटत चालला आहे. औषधाने दुखणं उत्तम आटोक्यात आलं की तो धावतो, आणि धावला की हाड मोडतं. चांगली गोळी द्यायची आणि पळू द्यायचं नाही, हे घरच्यांना कसं सांगायचं ते मला अजून जमलेलं नाही. सोळा वर्षांच्या मुलाला विचारता येतं, आणि विचारावंही. इथे मी रात्रीची धाप, जेवणाचं भांडं आणि दारापर्यंत उठून येणं यावरून ठरवते. काही घरांनी कापायला नकार दिला, तीन महिने त्याला उचलून खाली-वर केलं आणि एका सकाळी शेवटच्या इंजेक्शनसाठी आणलं. त्यांचं चुकलं असं मला म्हणता येत नाही. मी तेव्हा तसं म्हटलं होतं.