चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'माउली'

चिठ्ठीवर तीनच शब्द होते : "धापेवाडा. माउली. दोरा."

बाबा चैत्रात गेले, ऐन कूलर लावायच्या दिवसांत. तेरवी झाल्यावर त्यांचं लोखंडी कपाट उघडलं तर आत सगळ्या लोकांच्या वस्तू. दोन इस्त्र्या, मिक्सर, टेबल फॅन, कुणाचं तरी भिंतीवरचं घड्याळ. प्रत्येकाला सुतळीनं बांधलेली चिठ्ठी. "खालच्या घरची सून. इस्त्री. वायर आतून तुटली." महिनाभर आम्ही घरोघरी जाऊन ज्याचं त्याला देत होतो. राहिला फक्त एक जुना ट्रान्झिस्टर, त्यालाच ती धापेवाड्याची चिठ्ठी. स्टेशनचा काटा सरकवणारा दोरा त्यांनी नवा घातला होता, रेडिओ खणखणीत वाजत होता. मालक तेवढा माहीत नव्हता. वारीत माउली कोण नसतं?

म्हणून यंदा मी धापेवाड्याला पायी निघालो. श्रद्धेनं निघालो असं म्हटलं तर आई हसेल.

पंढरपूर ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी आषाढी पौर्णिमेला विठ्ठल स्वतः धापेवाड्यात येतो, अशी आपल्याकडे श्रद्धा. कोलबास्वामींच्या भक्तीची ती गोष्ट बाबा दरवर्षी सांगायचे आणि शेवटी आपलं एक वाक्य जोडायचे, "देव होम सर्व्हिस देते बे!" तेही तेच करायचे. १८७७ साली सुरू झालेल्या एम्प्रेस मिलमध्ये ते फिटर होते. मिल बंद झाली, पण हातातला पाना काही सुटला नाही.

पहाटे काटोल नाक्यावरून दिंडी हलली. गोरेवाडा मागे पडेपर्यंत रिमझिम, मग फेटरीला तर्री पोहे आणि चहा. ट्रान्झिस्टर छातीशी धरून मी ५८५ वर नागपूर आकाशवाणी लावली होती. वाटलं, आवाजावरून तरी कुणी ओळखेल. दिसेल त्याला विचारत होतो, "माउली, हा तुमचा का?" लोक हसायचे. एक जण म्हणाला, "माझा नाही, पण देत असान तर घेतो."

चालताना बाबा फार आठवले. कौतुकानं नाही, हातांच्या खुणांनी. आईचा खांदा धरला तेव्हा कुणाला न विचारता त्यांनी स्वयंपाकघरातली सगळी बटणं एक फूट खाली आणली. भिंतीवर जुन्या भोकांचे डाग अजून आहेत, रंग द्यायला आईच नको म्हणते. नागपूरच्या उन्हाळ्यात मोहल्ल्यातले कूलर त्यांच्याच जिवावर चालायचे : पंपाची जाळी क्षारानं बुजली की घासायची, ताट्यांत नवं गवत भरायचं. पंखा काठीनं ढकलल्यावर फिरू लागला तर न उघडताच सांगायचे, "कंडेन्सर गेला, अडीचचा आण." पावसाळ्यात कुणी कूलर थंड हवा देत नाही म्हणून तक्रार घेऊन आलं की मात्र चिडायचे. "हवाच ओली हाये, पाणी उडन कुठं? तो उन्हाळ्याचा गडी आहे, त्याले झोपू द्या." पैसे? विचारलं तर ऐकू आलं नाही असं दाखवायचे. याचा आईला राग होता, आणि तो खरा होता. वायर, बेअरिंग, डाग द्यायचं कथील, सगळं घरच्या पैशातून यायचं.

मुक्काम कळमेश्वरला. दुसऱ्या दिवशी संत्र्याच्या बागांमधून, काळ्या चिखलातून चालताना एक म्हातारी बाजूला आली. ट्रान्झिस्टरकडे पाहून म्हणाली, "हा तर त्याहिच्या हातचा दिसते. औंदा बाबा नाही आले का?"

"गेले. चैत्रात."

ती काही बोलली नाही. पुढचे दोन अभंग ती नुसती टाळ धरून चालली, वाजवला नाही. मग हळूच म्हणाली, "रेडू कोणाचा ते मले नाही माहीत, बापू. पण माझ्या कुकरचा हँडल होता त्याहिच्यापाशी. दोन वर्षं झाले. काळा हाये."

"नाव सांगा, चिठ्ठीवर लिहितो."

"नाव काय करतं? सापडला तर पुढच्या पुनवेले आणजो."

धापेवाड्यात चंद्रभागेच्या काठी पाय धुतले, रांगेत दोन तास उभा राहिलो, दर्शन झालं. ट्रान्झिस्टर तसाच काखेत. पुजाऱ्यापासून फुगेवाल्यापर्यंत सगळ्यांना विचारून झालं होतं.

रात्री घरी आलो. आई जागीच होती. "दिला का?" म्हणाली. मी रेडिओ तिच्या हातात ठेवला आणि कपाट पुन्हा उपसायला बसलो. सगळ्यात खालच्या कप्प्यात, नटबोल्टच्या बिस्किटाच्या डब्याखाली, काळा हँडल होता. स्क्रू हरवू नये म्हणून त्यालाच चिकटपट्टीनं चिकटवलेला. चिठ्ठीवर एकच शब्द : "माउली".