जीपीएस नंतर टाकू म्हणे

भुसावळ स्टेशनवर माझं ब्रेलचं मशीन (आम्हा अंधांची बोलणारी वहीच म्हणा) काय बोललं माहितीये, 'हे फीचर तुमच्या लायसन्समध्ये नाही'! जीपीएस हो, तेच तर पाहिजे होतं तिथे. घेताना विकणारा म्हणे बेसिक घ्या भाऊ, बाकी नंतर टाकू, आणि नंतर म्हणजे वेगळे पैसे. आयफोनमध्ये 2009 पासून स्क्रीन वाचून दाखवणारं व्हॉइसओव्हर आतच येतं, कॉम्प्युटरला तसंच काम करणारं एनव्हीडीए तर फुकट, मग आमच्याच मशीनला काय धाड भरली? तसं सगळं कोंबलेलंही नको, मेनूत सतरा वेळा बटण दाबा तेव्हा कुठे नोट्स सापडतात, मधे रेडिओ, गेम, कोण वापरतं ते (भाचा वापरतो, असो). गेमचे घ्या ना पैसे खुशाल, रस्त्याचे कशाला? त्या दिवशी शेवटी केळीच्या वेफर्सच्या वासावर गेट शोधलं मी.